१ सप्टेंबर १९४२ ची मध्यरात्र कुठे गेली?

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत : टाइम झोनच्या जुन्या नोंदी आणि त्या दुरुस्त कशा करायच्या. पुष्कळ संगणक, मोबाइल आणि सर्व्हर कुठल्या गावी कोणत्या तारखेला घड्याळ किती पुढे होतं हे ज्या नोंदींवरून ठरवतात, त्यांना टीझेड डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पॉल एगर्ट त्याचे समन्वयक आहेत आणि २०११ पासून तो आयाना या संस्थेकडे आहे. साध्या मजकुराच्या फाइली आहेत, कुणीही उतरवून वाचू शकतो. उत्तरं वाचताना 'एशिया' नावाची फाइल शेजारी उघडून ठेवा.

प्रश्न : आमच्या निवृत्तिवेतनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ सप्टेंबर १९४२ ही जन्मतारीख टाकली की 'अशी वेळ अस्तित्वात नाही' असा संदेश येतो. १९४३-४४ साली जन्मलेल्या काहींची तारीख पडद्यावर एक दिवस मागे दिसते. डेटाबेसमधली नोंद चुकली आहे का? – नाशिक

उत्तर : नोंद बरोबर आहे. चुकलंय ते जन्मतारखेला वेळ चिकटवणं.

भारतासाठी वापरल्या जाणाऱ्या एशिया/कोलकाता या झोनच्या नोंदी क्रमाने वाचा. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या पुढे ५ तास ३० मिनिटं. १ ऑक्टोबर १९४१ पासून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, घड्याळ आणखी एक तास पुढे. १५ मे १९४२ ला तो तास मागे. १ सप्टेंबर १९४२ ला पुन्हा पुढे, आणि तिथून थेट १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सगळा काळ ६ तास ३० मिनिटं. त्यानंतर आजतागायत ५:३०.

आता ३१ ऑगस्ट १९४२ च्या रात्री या नोंदीप्रमाणे काय होतं ते पाहा. ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद झाली, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळात १ वाजला. बारा ते एक हा तास त्या तारखेला नाहीच. तुमचा प्रोग्राम जन्मतारीख म्हणजे 'त्या दिवशीची रात्री बाराची वेळ' असं धरतो आणि नसलेली वेळ मागतो. जोडा-टाइम ही जावा या प्रोग्रामिंग भाषेची जुनी लायब्ररी अशा वेळी चूक दाखवून थांबते. जावाचीच नवी वेळ-लायब्ररी न बोलता एक वाजवते. १ ऑक्टोबर १९४१ चंही हेच होईल. १ जानेवारी १९०६ ला तर बाराच्या ठोक्याला मद्रास वेळ सोडून प्रमाणवेळ आली, म्हणून तिथे ८ मिनिटं ५० सेकंद गायब आहेत.

एक दिवस मागे जाण्याचं कारण वेगळं. सर्व्हरने १० ऑगस्ट १९४३ ची मध्यरात्र ६:३० ने मोजून साठवली, म्हणजे जागतिक (ग्रिनिच) वेळेत ९ ऑगस्ट, १७:३०. ती वाचणारा दुसरा प्रोग्राम सरसकट ५:३० मिळवतो. जुने ब्राउझर तर आजचाच नियम मागच्या सगळ्या तारखांना लावत. अशा प्रोग्रामला ९ ऑगस्ट, रात्रीचे ११ मिळाले. तारीख गेली एक दिवस मागे.

पुढच्यासाठी उपाय सरळ आहे : जन्मतारीख नुसती तारीख म्हणून साठवा. डेटाबेसच्या कॉलमचा प्रकार 'डेट' ठेवा, जावात नुसत्या तारखेचा लोकलडेट हा प्रकार वापरा. जुना प्रोग्राम हातात नसेल तर निदान बाराच्या जागी दुपारचे १२ धरा.

साठवून बसलेल्या नोंदींना सरसकट एक तास मिळवू नका, त्यात चांगल्या नोंदीही बिघडतात. २ सप्टेंबर १९४२ ते १४ ऑक्टोबर १९४५ या जन्मतारखांच्या ओळी वेगळ्या काढा आणि जागतिक वेळेचा भाग बघा. १७:३० असेल तर ती ओळ युद्धकाळाच्या नियमाने लिहिली गेली, तिला ६:३० मिळवून तारीख काढा. १८:३० असेल तर लिहिणाऱ्याने ५:३० धरले होते, तिला ५:३० च मिळवा. १ सप्टेंबर १९४२ च्या ओळीत मात्र दोन्ही वाटांनी १८:३० च येतात. तिथे ५:३० मिळवलं की तारीख बरोबर मिळते.

प्रश्न : जुन्या माणसांच्या पत्रिका संगणकावर करतो. १९४३ चा जन्म असला की हाताने केलेल्या पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) आणि संगणकाचं लग्न जुळत नाही. कोणतं धरायचं? – सातारा

उत्तर : आधी जन्मवेळ कोणत्या घड्याळाची ते ठरवा. पुण्यात १० ऑगस्ट १९४३ ला सकाळी ६:१५ चा जन्म नोंदला आहे असं समजा. नोंद सरकारी घड्याळाची असेल तर त्यातून ६:३० वजा करून ग्रिनिच वेळ येते ९ ऑगस्ट, रात्री ११:४५. ५:३० वजा केले तर १० ऑगस्ट, रात्री १२:४५. एका तासात लग्न सरासरी १५ अंश पुढे जातं, म्हणजे अर्धी रास. चंद्र तेवढ्या वेळात जेमतेम अर्धा अंश सरकतो, म्हणून नक्षत्र आणि रास सहसा जुळतात आणि लग्न तेवढं बिघडतं. दोन पत्रिकांत नेमका असाच फरक दिसला तर दोघांपैकी एकाने युद्धकाळाचा तास विचारात घेतलेला नाही हे जवळपास नक्की समजा.

आपलं सॉफ्टवेअर काय करतं ते तपासायला १५ ऑगस्ट १९४३, दुपारी १२ ही वेळ द्या आणि त्याने काढलेली ग्रिनिच वेळ पाहा. ५:३० आली तर तास धरला आहे, ६:३० आली तर नाही.

मुंबईतला जन्म असेल तर आणखी एक गाठ आहे. प्रमाणवेळ १९०६ ला आली, तरी मुंबई शहरात बॉम्बे टाइम त्यानंतरही पुष्कळ वर्षं काही ठिकाणी चालू होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ही ३९ मिनिटं आणि युद्धकाळाचा तास हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला एका शहराच्या सवयीचा, दुसरा सरकारी हुकमाचा. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून 'साधारण जुळतंय' असं कृपया करू नका. टीझेड डेटाबेसमध्ये बॉम्बे टाइमचा वेगळा झोन नाही, तेव्हा ती ३९ मिनिटं कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून धरणार नाही.

प्रश्न : एशिया/कोलकाता मधली ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ ही नोंद मुंबईला लागू नसावी असं माझं वाचन सांगतं. डेटाबेसमध्ये दुरुस्ती सुचवायची आहे. पद्धत काय, पुरावा कसला लागतो? – ठाणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण दुरुस्ती कुठे करायची हे आधी पाहू. या डेटाबेसचा कटाक्ष १९७० नंतरच्या काळावर आहे. १९७० पासून ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांना एकच झोन, आणि त्याआधीचा इतिहास ज्या शहराच्या नावाने झोन आहे त्या शहराचा. एशिया/कोलकाता मधला १९४१ चा तुकडा कोलकात्याच्या घड्याळाबद्दल बोलतो. मुंबईत त्या सात-साडेसात महिन्यांत काय वाजत होतं याबद्दल ती नोंद काहीच सांगत नाही. मुंबईचा पुरावा मिळाला म्हणून कोलकात्याची ओळ पुसली जाणार नाही, आणि पुसूही नये. तो पुरावा टिपणी म्हणून फाइलीत जाऊ शकतो. तुमच्या कामाला प्रत्यक्ष लागणारा मुंबईचा झोन स्वतःकडे खासगी करावा लागेल, तो कसा ते खाली आहे.

पुरावा दोन प्रकारचा लागतो आणि दोन्ही लागतात. एक, हुकूम : सरकारी गॅझेटमधली अधिसूचना, तिचा दिनांक, आणि अंमल कोणत्या दिवशी किती वाजता हे शब्दशः. दोन, अंमल झाल्याचा दाखला. हुकूम निघाला आणि घड्याळं हललीच नाहीत, किंवा आठवडाभराने हलली, असं जगभर घडलं आहे. त्यासाठी त्या तारखेच्या पुढच्या आठ-दहा दिवसांची वर्तमानपत्रं चाळा. मुंबई सरकारचं गॅझेट राज्य पुराभिलेखागारात पाहा, पुण्यासाठी केसरीच्या फाइली. कोल्हापूर, सांगली अशा संस्थानी गावांबद्दल लिहीत असाल तर ब्रिटिश मुलखाचं गॅझेट पुरेसं नाही. कोल्हापूरला करवीर सरकारचं गॅझेट बघावं लागेल.

वर्तमानपत्रात घड्याळ बदलल्याची बातमी सापडली नाही तरी निराश होऊ नका. सूर्योदयाची छापील वेळ शोधा. मुंबईत सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य प्रमाणवेळेने ६:२४ च्या सुमारास उगवतो. छापलेलं ७:२४ च्या आसपास असेल तर घड्याळ एक तास पुढे होतं. ५:४५ च्या आसपास असेल तर छापणारा बॉम्बे टाइम वापरत होता. मुंबईत प्रमाणवेळेचा सूर्योदय वर्षभरात साधारण ६ ते सव्वासात यांच्यातच असतो, तेव्हा साडेसात किंवा आठ हा आकडा दिसला की शंकेला जागा उरत नाही. पंचांगातला सूर्योदय या कामी वापरताना मात्र जपून. काही पंचांगं स्थानिक वेळ देतात, काही प्रमाणवेळ, आणि हुकूम निघण्याच्या कितीतरी आधी छापून झालेली असतात. पंचांग म्हणजे गणित. घड्याळात काय वाजत होतं याची साक्ष रोजचं वर्तमानपत्रच देतं.

एवढी खटपट का, तर १९७० पूर्वीच्या पुष्कळ नोंदी थॉमस शँक्स यांच्या अमेरिकेत निघालेल्या, ज्योतिषांनी वापरलेल्या ॲटलासवरून आल्या. त्यात चुका पुष्कळ आहेत आणि आधार कुठेही दिलेला नाही, असं डेटाबेसच्या फाइलींतच लिहून ठेवलं आहे. आधार नसलेली नोंद दुसऱ्या निराधार नोंदीने बदलली तर काही साधत नाही.

आता खासगी झोन. चार ओळी पुरतात. प्रत्येक ओळीत चार रकाने : प्रमाणवेळेचं अंतर, नियम किंवा वाढवलेला वेळ, संक्षेप, आणि 'कधीपर्यंत'. पहिली ओळ ४:५१ (बॉम्बे टाइम), १ जानेवारी १९०६ पर्यंत. दुसरी ५:३०, वाढ काही नाही, सप्टेंबर १९४२ पर्यंत. तिसरी ५:३०, वाढ १:००, १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. चौथी ५:३०, शेवट मोकळा. तुमचा पुरावा १९४१ बद्दल वेगळं सांगत असेल तर दुसऱ्या ओळीचे तुकडे पडतील. नाव रोमन अक्षरांत द्या आणि कुठल्याही खऱ्या झोनचं नाव वापरू नका.

ही फाइल झिक या कम्पायलरमधून काढायची. फाइली कुठे ठेवायच्या हे सांगण्याचा पर्याय त्यात आहे, तिथे तात्पुरता फोल्डर द्या. मूळ यंत्रणेचा झोनइन्फो फोल्डर कधीही नको. नंतर झेडडंप हा झोनमधले बदल छापून दाखवणारा प्रोग्राम चालवा, सविस्तर छापण्याचा पर्याय आणि १९४० ते १९४६ अशी मर्यादा देऊन. प्रत्येक बदलाच्या जागी ओळींची जोडी दिसेल : बदलाआधीचा सेकंद आणि बदलाचा सेकंद. १९४२ साठी पहिली ओळ सोमवार ३१ ऑगस्ट, जागतिक वेळ १८:२९:५९, स्थानिक २३:५९:५९, अंतर १९८०० सेकंद. दुसरी जागतिक १८:३०:००, स्थानिक मंगळवार १ सप्टेंबर, ०१:००:००, अंतर २३४०० सेकंद. आकडे असे आले तर ओळ बरोबर लिहिली आहे.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. 'कधीपर्यंत' या रकान्यात नुसता महिना लिहिला तर १ तारीख आणि मध्यरात्र धरली जाते, आणि ती मध्यरात्र त्याच ओळीच्या, म्हणजे जुन्या घड्याळाची असते. १५ ऑक्टोबर १९४५, ०:०० म्हणजे युद्धकाळाच्या घड्याळातले बारा, जागतिक वेळ १४ ऑक्टोबर, १७:३०. तिथे वेळेमागे 'एस' हे अक्षर लावलं तर ते प्रमाणवेळेचे बारा होतात आणि बदल एक तास उशिरा होतो. दुसरी चूक म्हणजे ५:३० अधिक १:०० असं न लिहिता सरळ ६:३० लिहून वाढ शून्य ठेवणं. घड्याळ तेच दाखवतं, पण 'ही वाढवलेली वेळ आहे' ही खूण हरवते आणि त्या खुणेवर चालणारे प्रोग्राम चुकतात. तिसरी, एक झोन दुरुस्त करताना दुसऱ्याला धक्का लागणं. म्हणून बदलाआधी आणि बदलानंतर सगळ्या झोनचे झेडडंप काढून दोन्हींची तुलना करा. फरक तुमच्या एका झोनमध्येच दिसला पाहिजे.

समन्वयकांना पाठवायचं असेल तेव्हा गॅझेटच्या पानाचं छायाचित्र, मूळ मजकूर, त्याचं इंग्रजी भाषांतर, आणि फाइलीत नेमकी कोणती ओळ कशी बदलावी हे सगळं एकत्र द्या. जुनी ओळ का चूक आहे, एवढंच पुरत नाही. नवी ओळ कोणत्या कागदावर उभी आहे ते त्या ओळीवरच्या टिपणीत आलं पाहिजे, कारण वीस वर्षांनी ती पुन्हा तपासणारा माणूस तीच टिपणी वाचणार आहे.

प्रश्न : जपानी विमा कंपनीच्या नोंदींच्या भाषांतराचं आणि चाचणीचं काम करते. टोकियोच्या नोंदींत सप्टेंबर महिन्यात 'शनिवार, २५:००' असं लिहिलेलं दिसलं. ही टंकनचूक कळवावी का? – पुणे

उत्तर : कळवू नका, ती या डेटाबेसमधल्या उत्तम दुरुस्त्यांपैकी एक आहे. जपानमध्ये १९४८ ते १९५१ अशी चार वर्षं उन्हाळी वेळ होती. शनिवारी रात्री २४ वाजता घड्याळ एक तास पुढे, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी परत मागे. मागे येताना शनिवार २५ तासांचा होतो, आणि जपानी कायद्याने तो २५ वाजताच संपवला. म्हणजे रविवारी पहाटे १ वाजता घड्याळ बारावर आलं. १९४८ मध्ये तो क्षण ११ सप्टेंबर, जागतिक वेळ १५:००. आधीच्या नोंदीत शनिवारी पहाटे २ वाजता बदल दाखवला होता, म्हणजे तब्बल २३ तास आधी. २०१८ मध्ये हे सुधारलं.

अडचण अशी झाली की जावासकट काही जुने वाचक-प्रोग्राम २५:०० हा आकडा वाचूच शकत नव्हते. म्हणून त्याच नोंदीचं 'रिअरगार्ड' नावाचं दुसरं रूपही मिळतं. त्यात तोच क्षण '९ तारीख किंवा त्यानंतरचा पहिला रविवार, १:००' असा लिहिला आहे. तुमच्या दोन फाइलींत या दोन ओळी वेगळ्या दिसल्या तर गोंधळू नका.

चाचणीसाठी मात्र वसंतातल्या तारखा घ्या : २ मे १९४८, ३ एप्रिल १९४९, ७ मे १९५० आणि ६ मे १९५१. या चारही दिवशी टोकियोत मध्यरात्र नाही. नव्या नोंदी बसवल्यावर नेमक्या याच जन्मतारखा अडकू लागतात, कारण आधी तो खड्डा पहाटे दोनला होता आणि कुणाच्या वाटेत येत नव्हता. यंत्रणेच्या नोंदी अद्ययावत केल्या तरी जावा आणि पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली आपापली प्रत बाळगू शकतात, ती वेगळी बदलावी लागते. सर्व्हर नवा आणि जावा जुनं असेल तर एकाच कार्यालयात एकाच माणसाच्या दोन तारखा दिसतील.

प्रश्न : मॉरिशसची वेळ भारताच्या दीड तास मागे. पण १९८२ च्या अखेरीच्या काही नोंदींत फरक अर्ध्याच तासाचा येतो. चूक आहे का? – मोका, मॉरिशस

उत्तर : बरोबर आहे. १० ऑक्टोबर १९८२ ते २१ मार्च १९८३ तुमच्याकडे घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास. २६ ऑक्टोबर २००८ ते २९ मार्च २००९ पुन्हा तेच झालं, त्या वेळी बदल पहाटे २ वाजता. या दोन उन्हाळ्यांखेरीज डेटाबेसमध्ये मॉरिशसला उन्हाळी वेळ नाही. दुसरं काही दिसलं तर तुमची प्रत जुनी आहे.

प्रश्न : गोव्यातल्या १९४४ च्या पोर्तुगीज जन्मनोंदींना कोणता झोन लावायचा? – म्हापसा

उत्तर : डेटाबेसमध्ये गोव्याचा झोन नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९७० पासून त्याचं घड्याळ भारताबरोबरच आहे, म्हणून वेगळी नोंद ठेवण्याचं कारण त्यांच्या नियमात बसत नाही. एशिया/कोलकाता लावला तर सॉफ्टवेअर १९४४ च्या जन्माला ब्रिटिश सरकारचा युद्धकाळाचा तास चिकटवेल, आणि तो हुकूम पोर्तुगीज मुलखाला लागू नव्हता. पत्रादेवीच्या सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा जन्म एकाच नियमाने मोजू नका.

ठाण्याच्या वाचकांना सांगितलाय तसाच खासगी झोन करा. शेवटची ओळ ५:३० आणि त्याआधीच्या ओळी पोर्तुगीज सरकारच्या अधिकृत पत्रिकेतल्या, म्हणजे बोलेतीं ओफिसियालमधल्या हुकमांवरून. हुकूम हाती येईपर्यंत त्या जन्मवेळा नोंदीत आहेत तशाच, कोणतंही अंतर न लावता, 'स्थानिक घड्याळ' असा शेरा मारून वेगळ्या रकान्यात ठेवा.